साताऱ्याचे वकील रंगो बापूजी

बलाढ्य राज्याचा वकील होणे ही मानाची आणि त्या मानाने सुखाची गोष्ट होय. त्याच्या पाठीशी फौज असते, खजिना असतो, आणि त्याने उच्चारलेल्या प्रत्येक शब्दामागे आपल्या राज्याचे बळ उभे असते. लहान राज्याच्या वकिलापाशी यांपैकी काहीच नसते. आपल्या पक्षाचा न्याय आणि आपली चिकाटी, एवढ्याच भांडवलावर त्याला बलिष्ठांच्या दारी उभे राहावे लागते. मग ज्याच्या धन्याचे सिंहासनच हिरावून घेतले गेले आणि पुढे राज्यही नकाशावरून पुसले गेले, अशा वकिलाची स्थिती कशी असेल? हा प्रश्न केवळ कल्पनेचा नाही. असा एक वकील महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव रंगो बापूजी गुप्ते. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. वकील म्हटले की काळा डगला घालून न्यायालयात उभा राहणारा गृहस्थ आज आपल्या डोळ्यांपुढे येतो. मराठेशाहीत या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी, तो वकील. पुण्याचे वकील हैदराबादेस, दिल्लीस व कलकत्त्यास असत. तेथील हालहवाल कळविणे, तहाची बोलणी करणे आणि आपल्या धन्याचा मान राखणे हे त्यांचे काम असे. रंगो बापूजी हे या अर्थाने वकील होते. हे काम करीत ते सातासमुद्रांपलीकडे इंग्रजांच्या बेटावर गेले, हा त्यांचा विशेष.

आमच्या कोन-पनवेलच्या विद्यार्थ्यांस हे चरित्र परके वाटण्याचे कारण नाही. कोनजवळून जाणारा मुंबई-पुण्याचा जुना मार्ग हा एकेकाळी देशावरून मुंबईस जाण्याचा मुख्य रस्ता होता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. घाट उतरून प्रवासी पनवेलच्या बंदरात येत आणि तेथून होडीने मुंबई गाठीत. आणखी एक नाते आहे. रंगो बापूजींची कीर्ती मराठी वाचकांपुढे ज्यांनी मोठ्या तळमळीने मांडली, ते प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे हे १८८५ साली पनवेलीसच जन्मले. प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी या धनी-सेवकांच्या जोडीवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आहे.

रंगो बापूजींचे घराणे रोहिडखोऱ्यातील देशपांड्यांचे. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा उपक्रम आरंभिला, त्या वेळी ज्या मावळ्यांनी व वतनदारांनी त्यांस पहिली साथ दिली, त्यांत दादाजी नरसप्रभू हे होते. त्यांच्याच वंशात रंगो बापूजींचा जन्म झाला. ज्या घराण्याने राज्य उभे राहताना पाहिले, त्याच घराण्यातील पुरुषावर त्या राज्याचा शेवट पाहण्याचा प्रसंग आला, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

त्यांचे धनी छत्रपती प्रतापसिंह यांचा जन्म १७९३ चा. १८०८ साली ते गादीवर आले. तथापि पेशव्यांच्या अमदानीत छत्रपती हे नावाचेच धनी राहिले होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्ट्याच्या लढाईत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवून इंग्रजांनी साताऱ्याचे एक लहानसे राज्य निर्माण केले व ते प्रतापसिंहांच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तसा तह झाला. या राज्याच्या बहुतेक बाजूंस कंपनीच्या मुलखाचा समुद्र पसरलेला, आणि मध्ये हे साताऱ्याचे बेट.

त्या तहात एक कलम फार महत्त्वाचे होते. राजाने आपल्या राज्याबाहेरील कोणाशीही रेसिडेंटाच्या मार्फतीवाचून पत्रव्यवहार अथवा संबंध ठेवू नये, असे ते बंधन होते. म्हणजे ज्या राज्याने कोणाकडे वकील पाठवू नये असे ठरले होते, त्याच राज्याचे वकील म्हणून रंगो बापूजींस पुढे आयुष्य वेचावयाचे होते. ही विसंगती वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्यातच या सर्व कथेचे मर्म आहे.

प्रथमची काही वर्षे चांगली गेली. ग्रँट डफ हे साताऱ्याचे पहिले रेसिडेंट. त्यांच्या देखरेखीखाली राजाने कारभार शिकून घेतला आणि १८२२ साली राज्याची सर्व सूत्रे राजाच्या हाती आली. प्रतापसिंहांनी रस्ते बांधले, यवतेश्वराच्या डोंगरावरून शहरास पाणी आणले, पाठशाळा काढली, स्वतः रोजनिशी लिहिण्याचा क्रम ठेवला. महाबळेश्वरची थंड हवेची वसाहत वसविण्यास इंग्रजांस जागा मिळाली, तीही त्यांच्याच राज्यातून. त्यांच्या कारभारावर संतुष्ट होऊन कंपनीच्या डायरेक्टरांनी १८३५ साली त्यांस एक रत्नजडित तलवार देण्याचे ठरविले. ती तलवार राजाच्या हाती कधीच पडली नाही. कारण ती येण्यापूर्वीच मुंबई सरकारचे व राजाचे वितुष्ट आले होते.

वितुष्टाचे मूळ जहागिरींत होते. साताऱ्याच्या राज्यातील काही मोठ्या जहागिरदारांवर राजाचा अधिकार किती, आणि निपुत्रिक जहागिरदाराची जहागीर कोणाकडे जावी, याविषयी वाद पडला. राजाचे म्हणणे तहास धरून होते व लंडनच्या वरिष्ठांचा कलही त्यास अनुकूल होता. परंतु तो निर्णय राजाच्या पदरात पडेना. तेव्हा राजाने आपली दाद थेट विलायतेस मागण्याचा विचार केला. पुढे लवकरच त्याच्यावर आरोप आले. कंपनीच्या देशी पलटणीतील अंमलदारांस फितविणे, गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशी गुप्त संधान बांधणे, आणि नागपूरचे पदच्युत राजे अप्पासाहेब भोसले यांच्याशी खलबत करणे, असे ते तीन आरोप होते. अप्पासाहेब तर त्या वेळी जोधपुरास आश्रित म्हणून दिवस कंठीत होते. १८३६ साली एक गुप्त चौकशी मंडळ नेमले गेले. ज्या पुराव्यावर राजास दोषी ठरविले, तो पुरावा नीट पाहण्याची व त्यास उत्तर देण्याची संधी राजास मिळाली नाही, ही त्याच्या पक्षाची मुख्य तक्रार. रंगो बापूजींनी पुढे सर्व आयुष्यभर मागितले ते एवढेच : आमच्या धन्याची उघड चौकशी करा, आणि मग जो न्याय करावयाचा तो करा.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. राजाने आपला अपराध लिहून कबूल करावा म्हणजे त्याचे राज्य राखण्यात येईल, असे त्यांनी राजापुढे मांडले. सही करताच सिंहासन, नवरा-बायको-मुलेबाळे, वाडे-हुडे सर्व काही जागच्या जागी राहणार होते. प्रतापसिंहांनी सही करण्याचे नाकारले. न केलेला अपराध कबूल करून मिळालेले राज्य त्यांस नको होते. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांस पदच्युत करण्यात आले, त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यात आले, आणि राजाची रवानगी काशीस झाली. राजाच्या त्या एका नकाराच्या समर्थनार्थ त्यांचा वकील पुढे १४ वर्षे झगडला.

विलायतेस जाण्याचे काम एकट्या रंगो बापूजींवर सोपविले नव्हते. मीर अफझल अली, यशवंतराव राजेशिर्के, भगवंतराव विठ्ठल ही मंडळीही या कामी नेमली गेली होती. परंतु अखेरपर्यंत टिकून राहिले ते रंगो बापूजी. त्या काळी समुद्रपर्यटन म्हणजे काय होते, याची कल्पना आज येणे कठीण. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी एक तर आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने गलबतावर काढावे लागत, नाहीतर मिसर देशात उतरून खुष्कीने भूमध्य समुद्र गाठावा लागे. शिवाय समुद्र ओलांडणे हे धर्मबाह्य मानले जाई आणि परत आल्यावर स्वजातीत जागा मिळेल की नाही याचा भरवसा नसे. भाषा परकी, हवा परकी, अन्न परके. राजा राममोहन राय हे दिल्लीच्या बादशहाचे गाऱ्हाणे घेऊन १८३० साली इंग्लंडास निघाले, ते तिकडेच १८३३ साली ब्रिस्टल येथे वारले, हे उदाहरण ताजे होते.

१८४० साली रंगो बापूजी लंडनास पोचलेले होते. तेथे त्यांस कंपनीचा कारभार कसा चालतो ते प्रथम शिकावे लागले. लेडनहॉल रस्त्यावरील ईस्ट इंडिया हाऊसात डायरेक्टरांचे मंडळ बसे. त्याच्यावर देखरेख करणारे सरकारी बोर्ड ऑफ कंट्रोल होते. आणि या दोहोंवर पार्लमेंट. रंगो बापूजींनी प्रथम डायरेक्टरांचे दार ठोठावले. तेथे उत्तर मिळाले की, साताऱ्याचे जे काही म्हणणे असेल ते मुंबई सरकारच्या मार्फत आले पाहिजे. ज्या मुंबई सरकारविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच मुंबई सरकारच्या हातून तक्रार पाठविली तरच ती ऐकली जाणार. हा न्याय ऐकून दुसरा कोणी परतीचे गलबत पाहता. रंगो बापूजींनी दुसरे दार शोधले.

ते दार कंपनीच्या भागीदारांच्या सभेचे होते. कंपनी ही मुळात व्यापाऱ्यांची मंडळी. तिचे भाग ज्यांनी विकत घेतले असतील, त्यांची सभा भरे आणि तीत हिंदुस्थानच्या कारभाराविषयी कोणासही प्रश्न विचारता येत. १,००० पौंडांचा भाग असणारास एक मत, आणि १०,००० पौंडांचा भाग असणारास चार मते, असा तेथील हिशेब. रंगो बापूजी या सभेतील सहृदय माणसे हुडकून त्यांस भेटू लागले. कागदपत्र त्यांच्यापुढे मांडू लागले. निवेदने व पत्रके इंग्रजीत छापवून वाटू लागले. आपल्या मावळातील देशपांडेपणाचे दप्तर ज्या काटेकोरपणे पूर्वजांनी सांभाळले असेल, त्याच काटेकोरपणे त्यांनी साताऱ्याचे दप्तर लंडनात उभे केले.

त्यास फळ आले. पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम, मुंबईस अनेक वर्षे राहून गेलेले सर चार्ल्स फोर्ब्स, मद्रासेकडील जुने अधिकारी जॉन सलिव्हन अशी वजनदार मंडळी राजाच्या बाजूने बोलू लागली. जॉर्ज थॉम्प्सन यांनी तर हे काम जणू स्वतःचे मानले. गुलामांचा व्यापार व गुलामगिरी यांविरुद्ध आपल्या वक्तृत्वाने सारे इंग्लंड हलविणारे हे गृहस्थ. एका दूरच्या हिंदी राजावरील अन्यायासाठी त्यांनी तीच वाणी खर्ची घातली. विशेष नवल पुढेच आहे. साताऱ्यास एकेकाळी रेसिडेंट असलेले जनरल ब्रिग्ज हेही राजाच्या पक्षाला मिळाले. आणि १८३६ च्या गुप्त चौकशी मंडळात जे स्वतः बसले होते, ते जनरल लॉडविक यांनीही पुढे लंडनात राजाची बाजू घेतली. ज्याने दोषी ठरविण्यास हात लावला, तोच निर्दोषपणाची साक्ष देऊ लागला, यापरते वकिलाचे यश कोणते?

तथापि सभेतील भाषणे निराळी आणि मते निराळी. ठराव पुढे येत, दिवस दिवस चर्चा चाले, आणि शेवटी डायरेक्टरांचा पक्ष बहुमताने ठराव हाणून पाडी. रंगो बापूजी पुन्हा नव्या सभेची वाट पाहत. १८४७ साली ह्यूम यांनी हा प्रश्न पार्लमेंटात नेला. तेथेही सरकारने चौकशी नाकारली. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी प्रतापसिंह काशीस मृत्यू पावले. न्याय मिळण्यापूर्वीच न्याय मागणारा गेला.

वर्ष उलटण्यापूर्वीच, ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजेही वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. प्रतापसिंहांनीही घेतला होता. त्या वेळी लॉर्ड डलहौसी नुकतेच गव्हर्नर जनरल होऊन आले होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी राज्य खालसा करू नये असा अभिप्राय दिला होता, परंतु डलहौसींनी तो मानला नाही. दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा करण्यात आले आणि १८४९ साली लंडनच्या वरिष्ठांनीही त्यावर शिक्कामोर्तब केले. दत्तक नाकारून संस्थाने गिळण्याचे जे धोरण पुढे झाशी व नागपूर येथे चालले, त्याचा पहिला घास सातारा होय.

आता धनी नाही, राज्य नाही, आणि वकिलीची सनद देणाराही कोणी उरला नाही. रंगो बापूजी परत फिरते तर कोणी त्यांस नावे ठेविली नसती. ते फिरले नाहीत. राजाच्या राण्या आणि दत्तकपुत्र शाहू यांचा हक्क अद्याप होता, आणि राजाच्या नावावरचा डाग अद्याप धुतला गेला नव्हता. पैसा संपला, कर्ज झाले, तरी आणखी जवळजवळ पाच वर्षे ते लंडनात राहिले. १८५३ साली कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण पार्लमेंटापुढे आले. त्या निमित्ताने हिंदुस्थानच्या कारभाराची चर्चा होणार होती, पण साताऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही. अखेर त्याच वर्षाच्या शेवटी ते मायदेशी निघाले. त्यांचे देणे भागविण्यास मदत व परतीचा खर्च कंपनीनेच दिला. ज्या माणसाशी १४ वर्षे झगडा केला, त्याला सुखरूप घरी पोचविण्यास कंपनीची तिजोरी उघडली. ही उदारता म्हणावी की सुटकेचा निःश्वास, हे वाचकांनीच ठरवावे.

रंगो बापूजी परतले तेव्हा साताऱ्यात कंपनीचा कमिशनर राज्य करीत होता. अर्ज, कैफियती, सभा, पार्लमेंट, सनदशीर म्हणून जेवढे मार्ग होते तेवढे ते चालून आले होते. आता ते दुसऱ्या मार्गाकडे वळले. १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात उठाव होताच साताऱ्यातही शिपाई फितविण्याचा व तुरुंग फोडून बंड उभारण्याचा कट उघडकीस आला, आणि सरकारने त्याचे सूत्रधार म्हणून रंगो बापूजींचे नाव घेतले. ऑगस्ट महिन्यात राजघराण्यातील मंडळींस साताऱ्याहून हलवून मुंबई बंदरातील बुचर बेटावर ठेवण्यात आले व तेथून कराचीस नेण्यात आले. घारापुरीच्या शेजारचे हे बेट आज जवाहर द्वीप म्हणून ओळखले जाते.

रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. पावसाळ्यात ते ठाण्यास आप्ताकडे आले असता पोलिसांचा वेढा पडला, आणि वेषांतर करून ते त्यातून निसटले, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र सीताराम सापडले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडा माळावर १७ जणांस देहान्त शासन झाले. कोणास फाशी, कोणास गोळी, कोणास तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत सीताराम होते. पित्याचा ठावठिकाणा त्यानंतर कोणासही लागला नाही. त्यांची समाधी नाही, आणि त्यांची मरणतिथी कोणत्याही पंचांगात नाही. ठाणे शहरातील एका चौकास त्यांचे नाव आहे.

कोणी म्हणेल, हे अपयशाचेच चरित्र झाले. धन्याचे राज्य गेले, धनी गेला, मुलगा गेला, स्वतःचा मागमूस राहिला नाही. हे खरे आहे आणि ते झाकण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वकिलाचे मोल केवळ निकालावरून ठरवू नये, असे आम्हांस वाटते. निकाल बलवानाच्या हाती असतो. वकिलाच्या हाती असते ते एवढेच की, आपल्या पक्षाचे म्हणणे बलवानाच्या घरात, बलवानाच्या भाषेत, त्याच्याच नियमांनी असे मांडावे की ते ऐकले नाही असे कोणास म्हणता येऊ नये. रंगो बापूजींनी ते केले. आज साताऱ्याच्या प्रकरणाची जी शेकडो पाने इंग्लंडातील छापील कागदांत आढळतात आणि ज्यांवरून इतिहासकार प्रतापसिंहांचा न्याय करतात, ती पाने तेथे आहेत याचे मोठे श्रेय रंगो बापूजींकडे जाते. साहेबांच्या दप्तरात केवळ आरोपच उरले असते, तर पुढील पिढ्यांनी प्रतापसिंहांस कटवालाच मानले असते.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात पुढे जी शाळा भरू लागली, ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध आहे. १९०० साली त्याच शाळेत भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. ज्या राजाने कबुलीवर सही नाकारली, त्याच्या नावाच्या शाळेतून स्वतंत्र भारताच्या संविधानाचे शिल्पकार शिकून गेले, हे ऐकून त्या जुन्या वकिलास समाधान वाटले असते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे परराष्ट्रखात्यात जाईल, कोणी न्यायालयात उभा राहील, कोणी गावच्या कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवील. तेथे पहिले दार बंद आढळले म्हणजे लेडनहॉल रस्त्यावर उभ्या असलेल्या या मावळातल्या देशपांड्याची आठवण करावी, आणि कागद नीट गुंडाळून दुसऱ्या दाराकडे चालू लागावे.